तिसऱ्याची वायर

खानविलकर काका लगेच कान लावत नाहीत.
आधी चहा, बशीत ओतून, बॉनेटला टेकून,
आणि गाडीकडे न बघताच विचारतात,
"आवाज थंडीला येतो, की तापल्यावर?"

तापल्यावर, उमाकांत म्हणाला. चढाला जास्त.
पेट्रोलात भेसळ असणार, तो पंपवालाच चोर.
मी गप्प.

कन्नमवार नगर, आमच्या बिल्डिंगच्या मागचं आवार,
रविवार, पाण्याची वेळ नुकतीच संपलेली.
बदामाच्या झाडाखाली आमची अठ्ठ्याण्णवची झेन
चालू उभी. आत कुणीतरी बंद दारावर
बोटाच्या पेरानं ठोकत होतं, न चिडता.

काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं,
मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटले.
बसडेपोत एकतीस वर्षं हेच केलं त्यांनी.
मग चालू इंजिनावर एकेक प्लगची वायर उपटली.
पहिली: ठक् ठक्.
दुसरी: तसंच.
तिसरी काढली, आणि आवाज दबला,
नेमक्या दुखऱ्या जागी बोट पडल्यावर
माणूस बोलायचा थांबतो तसा.
"हाच. रॉडचं बेअरिंग. बंद कर,
आता हिला एक सेल्फसुद्धा मारायचा नाही."

ऑइल माझ्या जुन्या पांढऱ्या ओढणीतून गाळलं.
वर राहिली तांबूस भुकटी, उन्हात लखलखणारी.
"चमकतंय काय?" उमाकांत वाकला.
"जे चमकायला नको ते," काका म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी पिंपुटकर ओरडले,
आवारात कारखाना काढलाय का?
पण गणपती मंडळाच्या लोखंडी पाइपांची किल्ली त्यांच्याकडेच,
आणि तासाभरात तिकाटण्याचा एक पाय धरून
चेनब्लॉक कसा ओढावा हे तेच सांगत होते.

वायरींच्या जोड्या चुकू नयेत म्हणून मी टिकल्या आणल्या.
मोठी लाल इकडे, मोठी लाल तिकडे.
हिरवी चंद्रकोर रेडिएटरच्या पंख्याला.
बोल्ट इडलीपात्रात, एका खळग्यात एका जागेचे.
(त्यात पुन्हा इडली झाली नाही.)
बॅटरी निघाली, बॉनेट भिंतीला टेकलं,
कूलंट बादलीत उतरलं, पोपटी,
दोघांनी शिव्या घालत शाफ्ट सोडवले.
मागच्या माउंटिंगचा शेवटचा बोल्ट मात्र
कुणाच्याच हाताला पोचेना.
मी बांगड्या काढल्या, गाडीखाली सरकले,
आणि मनगट वळवून तो सोडवला.
काका म्हणाले, "डेपोत असतीस तर फोरमन झाली असतीस."

साखळी कुरकुरली. इंजिन वर आलं.
एवढंसं. एवढ्याशावर आम्ही चौघं महाबळेश्वरला गेलो होतो.
जिथं ते होतं तिथून आता सरळ जमीन दिसत होती,
आणि बदामाचं एक लाल पान.

गोणपाटावर आडवं करून काकांनी चेंबर उघडला,
तिसरी टोपी काढली. बेअरिंगची पाकळी
निळी-काळी, जळालेल्या तव्याच्या कडेसारखी.
पुष्कळ वेळ ते बघत राहिले.
"ऑइल नसताना चाललीय. पंचवीस-तीस किलोमीटर तरी.
दिवा लागला असणार."
उमाकांतनं वर पाहिलं.
काकांनी कुणाकडेच पाहिलं नाही.
हात पुसत म्हणाले,
"नाहीही लागला कदाचित. बल्ब जातो कधी कधी."

बॅटरी तर काढून ठेवलेली. कोण तपासणार होतं?

त्या गुरुवारी, ऐरोलीचं ऑफिस सुटल्यावर,
मी पुलाकडे वळलेच नाही.
वाशी, मग पाम बीच, बेलापूरपर्यंत सरळ,
आणि परत. काचा खाली, कारण काही नाही.
घरी कुकर कोण लावेल हा प्रश्न
पहिल्यांदाच मला आला नव्हता.
नेरूळच्या पुढं तो लागला, तेलाच्या झारीचा छोटा दिवा,
तांबडा. मला वाटलं,
लागू दे. थांबले तर हे संपेल.

"बल्ब चांगला आहे," मी म्हणाले. "लागला होता. मी पाहिला."

पिंपुटकरांनी उगाचच पाइप घट्ट धरला.
उमाकांत इडलीपात्राकडे बघत राहिला.
काकांनी क्रँकवरून अंगठ्याचं नख फिरवलं,
ते अडकलं, पुन्हा फिरवलं.
"दहा थाऊ घासावा लागेल.
पान्हा दे गं, बाराचा."